वाकळा वाळवायची जागा

१८ सप्टेंबर, गुरुवार. घट बसायला चार दिवस राहिले होते आणि मी बाथरूममध्ये टबात उभी राहून वाकळ तुडवत होते. पाणी पायाला सोसेल इतकं गरम. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघालं, दुसरं त्याहून फिकट. चार वेळा बदललं. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून हातानं टाचलेलं पांघरूण. कोरडी असली तर खांद्यावर टाकून जिना चढता येतो. ओली झाली की माणसाएवढी जड. टबातून काढताना तिच्याखाली दोन्ही हात घालावे लागतात, झोपलेल्याला उचलतात तसे. ही माझ्या आईनं केलेली. आई जाऊन बावीस वर्षं झाली.

नवरात्राआधी आमच्याकडं घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून निघतं. उशीचा अभ्रासुद्धा सुटत नाही. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये एवढं धुवायला, वाळवायला जागा नाही, म्हणून लग्न झाल्यापासून दरवर्षी मी गाठोडी बांधून रिक्षानं माहेरी, गडमुडशिंगीला न्यायची. विहिरीवर मोटर सुरू करायची, वहिनीनं आणि मी धोंड्यावर आपटायचं, रानात वाळत घालायचं, संध्याकाळी घड्या करून परत. यंदा नेली नाहीत. बाकीची पांघरुणं मशीनमध्ये धुतली आणि घरातच दोऱ्या बांधून पंख्याखाली वाळवली. ही एकच मशीनमध्ये मावत नाही.

पाय पुसत होते तेवढ्यात फोन आला. नंबर वहिनीचा, आवाज आत्तीचा. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. नवरा लवकर गेला तेव्हापासून आमच्याच घरात राहते. आता ऐंशीच्या पुढं आहे, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत.

"व्हय गं, गाठोडी घिऊन आली न्हाईस?"

"यंदा घरातच धुतेय, आत्ती."

"घरात? न्हाणीत? वाकळ काय हातरुमाल हाय व्हय?"

"गरम पाण्यानं धुतेय. चांगली निघतेय."

"आन् ऊन? ऊन न दावता घट बसवणार? तुझ्या आईनंबी आसंच कायतरी अर्धवट ठेवलं आसंल, म्हणून भोगलं तिनं. आता पोरीच्या मागं लागलंय."

"तिला अ‍ॅलर्जी आहे. डॉक्टरांनी तपासून सांगितलंय."

"नाव कायबी ठेव की. येतंय कवा? घटातच येतंय न्हवं?"

मी म्हटलं, दूध उतू जातंय, ठेवते. दूध गॅसवर नव्हतंच. आत्तीचं एक मात्र खरं होतं. घटातच येतं.

नवरात्राचे दिवस आम्ही माळेवर मोजतो. रोज घटावर एक फुलांची माळ चढते. गेल्या वर्षी चौथ्या माळेला माझी मुलगी दवाखान्यात होती, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून. ती एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात जाते, स्कूटर चालवते, माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलते. त्या दिवशी तिला एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. तीन दिवस ठेवलं. यंदाचे नऊ दिवस तिनं घरात आणि स्वतःच्या श्वासावर काढावेत, एवढंच मला हवं होतं. घट, कडाकण्या, बाकी सगळं त्यानंतर.

तिचा खोकला मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. मी भाकरी थापत होते. पलीकडच्या खोलीतून दोन आखूड खोकले आले, मग काहीच नाही, मग श्वास आत ओढताना बारीक शीळ. भाकरी तव्यावर टाकायची राहिली. तो खोकला मला ओळखीचा होता. मधली ती थांबलेली जागासुद्धा ओळखीची होती. माझं अख्खं लहानपण मी अंथरुणात पडून ती जागा कधी संपते याची वाट बघितली होती. आई आणि नात यांची भेट झालेली नाही. मुलगी जन्मली तेव्हा आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. तरी खोकला तोच होता, तेवढाच लांब.

आईला वर्षभर काही नसायचं. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांधावरून चालायची, तिच्यामागं आम्हाला पळावं लागायचं. भादवा संपत आला की आधी नाक गळायचं, डोळे लाल व्हायचे, कोपरापासून खाली हात खाजायचे. दुसऱ्या-तिसऱ्या माळेला छाती भरायची. वरून नऊ दिवसांचा उपवास. औषधानं उपवास मोडतो असं कुणी सांगितलं होतं कोण जाणे, पण ती गोळी घ्यायची नाही. दसरा झाला, थंडी पडली की आपोआप कमी व्हायचं. म्हणजे देवीचंच काहीतरी, असं घरात ठरलं. काय चुकलं ते मात्र कुणाला सांगता येईना. आत्तीनं शोधून काढलं, वाकळा नीट धुतल्या जात नाहीत, घरात विटाळ राहतो.

त्यावर आईनं वाद घातला नाही. पुढच्या वर्षापासून ती दोनदा धुवायला लागली. एकदा पितृपंधरवड्याच्या सुरुवातीला, एकदा घटाच्या आदल्या दिवशी.

वाळवायचं काम माझं. मी अकरा-बारा वर्षांची असेन. सप्टेंबरात बांध ओले असतात. काळ्या मातीवर वाकळ टाकली की धुतलेलं पाण्यात. बाभळीवर टाकली तर काट्यांनी उसवते. विहिरीच्या वरच्या अंगाला आमचा एक पडीक तुकडा होता, दगडगोट्यांचा, तिथं काही पिकायचं नाही. पावसाळ्यानंतर तो गाजर गवतानं भरून जायचा. कमरेएवढं दाट, वर पांढऱ्या बारीक फुलांचा थर, साबुदाणा सांडल्यासारखा. मी त्यावर एक वाकळ पसरून बघितली. मातीला टेकली नाही. खालून वारा खेळायचा, वरून ऊन, त्यामुळं दुपारपर्यंत वाळली. मग सगळ्या तिथंच.

आई वर बघायला आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "डोकं हाय गं तुला."

आमच्या घरात कौतुक करायची पद्धत नव्हती. मला आठवतं तेवढं हे एकच.

त्यानंतर मी तिथंच घातल्या. लग्न होईपर्यंत दरवर्षी, दोनदा; लग्नानंतर गाठोडी न्यायची तेव्हाही तिथंच. संध्याकाळी दोघी दोन टोकं धरून झटकायचो, मावळतीच्या उन्हात पिवळट धूळ उठायची, आणि आम्ही घड्या घालायचो. आई डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपायची. तिला तशीच सवय होती.

ती सातव्या माळेला गेली. माझं लग्न होऊन मी कोल्हापुरात होते. शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, जीपनं आणतोय, दवाखान्याच्या दारात थांब. आदल्या संध्याकाळपासून तिला धाप होती, भाऊ चल म्हणत होता, पण घटाजवळचा दिवा नऊ दिवस अखंड ठेवायचा असतो आणि ती म्हणाली, "दिवा सोडून न्हाई येत." आत्ती दिवा बघते म्हणाली तरी नाही. सकाळी उचलून जीपमध्ये घातली. मी दारात उभी होते. जीप आली तेव्हा आई मागच्या सीटवर ताठ बसलेली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, धापेत बसायची तशी. मी दार उघडून म्हटलं, उतर हळू. मग भावाचा चेहरा बघितला.

तेराव्यानंतर वहिनीनं विचारलं, काय नेणार? मी ही वाकळ घेतली.

गेली अठरा वर्षं मी एका औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शिंकांच्या गोळ्यांची बरणी लवकर रिकामी होते, हे मला तोंडपाठ आहे. माणसं येतात, डोळे चोळत, रुमाल नाकाशी. मी गोळी द्यायची आणि म्हणायची, हवापालट आहे, होईल कमी. कुणी श्वासाचा पंप मागितला तर शेजारचं गिऱ्हाईक हमखास सांगायचं, पंपाची सवय लागते पावणं, नको नादाला लागू. मी पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळायची. स्वतःच्या मुलीलाही दोन वर्षं मी गोळीवरच ठेवलं. घरात औषधाची माहिती असलेलं माणूस असलं की कधीकधी डॉक्टरकडं जायला उशीर होतो.

गेल्या वर्षीच्या दवाखान्यानंतर मात्र छातीच्या डॉक्टरांकडं गेलो, राजारामपुरीतच, कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर. म्हातारे आहेत. खालून मुलांचा पाढ्यांसारखा गलका येत असतो आणि ते त्याच्याहून मोठ्यानं बोलतात. त्यांनी मुलीला विचारलं, कधी होतं? ती म्हणाली, सप्टेंबर-ऑक्टोबर. मी म्हटलं, घट बसले की.

त्यांनी पेन खाली ठेवला. "घट काय करत न्हाईत बाई. त्या आठवड्यात तुम्ही घरात काय करता ते सांगा."

"धुणं," मी म्हटलं. "सगळ्या घराचं अंथरूण-पांघरूण."

"वाळवता कुठं?"

मी सांगितलं. सांगता सांगताच ऐकू आलं मला, मी काय सांगतेय ते.

जानेवारीत तपासणी केली. त्याआधी आठवडाभर गोळ्या बंद. तिच्या हाताच्या आतल्या बाजूला पेननं खुणा केल्या, प्रत्येक खुणेपाशी एकेक थेंब ठेवला आणि सुईनं नुसतं टोचलं. धूळ, बुरशी, मांजर, वेगवेगळ्या झाडांचे आणि गवतांचे परागकण. पाव तास थांबायचं. डास चावल्यासारख्या दोन-तीन गांधी उठल्या, आणि एक चांगली मोठी, बोराएवढी. डॉक्टरांनी पट्टी लावून मोजली आणि कागदावर बोट ठेवलं. गाजर गवत.

मुलगी हात बघत होती. म्हणाली, "एवढंसं फूल ते."

मुलीला बाहेर पाठवून मी विचारलं, "माझी आई त्यानंच गेली का?"

"ते आता कोण सांगणार?" ते म्हणाले. "तपासली न्हाई तिला कुणी. दम्याला एकच कारण नसतं. आणि हे कण वाऱ्यानं येतात, बारा गावचं गवत तुमच्या घरात येतं. तुमच्या पांघरुणानं त्यात भर घातली, एवढंच."

एवढंच. मी फी दिली, जिना उतरले. खाली मुलं अजून ओरडत होती.

मग मी कामाला लागले. छातीत ओढायचा रोजचा पंप वेगळा आणि धाप लागल्यावरचा वेगळा, हे दोन्हींवर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं. नाकातला फवारा ऑगस्टच्या मध्यापासूनच सुरू केला, कारण त्रास सुरू झाल्यावर घेतला तर त्याला जोर यायला दिवस लागतात. मान जरा खाली, फवारा नाकाच्या मधल्या पडद्याकडं न मारता बाहेरच्या बाजूला, आणि जोरात सुरका मारायचा नाही. मुलगी चार दिवसांनी म्हणायची, बरं वाटतंय, आता कशाला? बरं वाटतंय ते त्यामुळंच, हे मी तिला रोज सकाळी सांगते. स्कूटरवर मास्क. बाहेरून आली की केसांसकट आंघोळ, कपडे बादलीत. सकाळी खिडक्या बंद. काउंटरवरही आता मी हवापालट म्हणत नाही. विचारते, कधी होतं, कुठं राहता, आजूबाजूला काय उगवलंय. काही जण चिडतात. गोळी द्या म्हणतात, चौकशी कशाला.

भावाला सांगितलं, पुढच्या वर्षी फुलं यायच्या आत, पाऊस सुरू झाला की ते गवत मुळासकट काढ, हातमोजे घालून. तो व्हय म्हणाला. तो नेहमी व्हय म्हणतो.

आईबद्दल मात्र घरात मी कुणालाच बोलले नव्हते. सोमवारी भावानं तिची अविधवा नवमी घातली. पानाला कावळा लगेच शिवला, असं वहिनीनं फोनवर समाधानानं सांगितलं. म्हणजे तिचं काही राहिलेलं नाही. राहिलं होतं ते माझं.

तर गुरुवार. वाकळ हॉलमध्ये दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवी टाकली, खाली परात, वर पंखा पाचवर. दुकानातून संध्याकाळी आले तरी परातीत थेंब पडत होते. मधले थर पिळून निघण्यासारखे नव्हते. अशी चार दिवस राहिली असती तर कुबट झाली असती, आणि बुरशीचीही एक गांध मुलीच्या हातावर उठली होती.

मुलगी आली. आंघोळ करून, केसांना टॉवेल गुंडाळून वाकळेला हात लावून बघितला. "टेरेसवर टाकू की. दोन तासांत वाळेल."

"टेरेसवर वारा आहे."

"मग काय करायचं?"

"टाकून देऊ," मी म्हटलं. "नवीन दुलई आणू. धुता येईल अशी."

"आजीची आहे."

"तू आजीला बघितलंसुद्धा नाहीस."

"म्हणूनच. लहानपणापासून मला हीच लागते. तुला माहितीय. आणि मम्मी, वाळवायची जागा चुकली तर जागा बदलायची ना. वाकळेनं काय केलंय?"

मी खाली बसले आणि परात रिकामी करायला घेतली. पाणी मोरीत ओतून परत आले. म्हटलं, "ती जागा मी शोधली होती."

"कसली जागा?"

मी सांगितलं. पडीक तुकडा, ओली माती, दुपारपर्यंत वाळायच्या, सगळं. आई काय म्हणाली तेही. माझा आवाज दुकानात औषध कसं घ्यायचं सांगताना असतो तसाच होता. डोक्यावरचा टॉवेल सुटून खांद्यावर आला तरी ती तशीच उभी.

"आजीला कळलं होतं?"

"नाही. कुणालाच नाही. मलाही गेल्या वर्षी कळलं."

"बरं झालं मग," ती म्हणाली. "तिला कळलं असतं तर तिनं तुला कधी सांगितलं नसतं, आणि तिथंच वाळवल्या असत्या."

हे खरं की खोटं, मला सांगता येणार नाही. तिला आजी माहीत नाही. पण आईच्या तोंडात बसेल असं ते होतं, आणि मी परात पुन्हा वाकळेखाली सरकवली.

मग ती शिंकली. लागोपाठ पाच. जाताना म्हणाली, "टाकायची नाही हं."

पंखा चालू होता. थेंब परातीत पडत होते, दोन लागोपाठ, मग मध्ये मोठी खाच, मग एक. मी परातीत फडकं घातलं. आवाज बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेपाचला उठले, मास्क लावला, कात्री घेतली आणि वाकळ उसवायला बसले. आईचा टाका बारीक आणि सरळ, एकही ओळ नखाएवढीसुद्धा ढिली नाही. ओला दोरा कापायला जड जात होता. पहिला थर हिरव्या लुगड्याचा, तो मला आठवत होता. दुसरा आठवत नव्हता. तिसऱ्यात माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टाचा घेर उलगडून घातलेला निघाला, चुण्यांच्या खुणांसकट. शिवणीच्या आत कोपऱ्यांत राखाडी भुसा साठला होता. तो कशाचा हे मी बोटानं चोळून बघितलं नाही. पाच थर निघाले. प्रत्येक वेगळा गरम पाण्यातून काढला, पिळला, हॉलमधल्या दोऱ्यांवर टाकला. पातळ कापड, तासाभरात वाळणारं. यापुढं मुलगी त्यातलं एक-एक दुहेरी करून पांघरेल, दर रविवारी ते मशीनमध्ये जाईल. पुन्हा टाचायची नाही.

खिडक्या बंद आहेत ना ते बघितलं. मग मुलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. ती कुशीवर झोपली होती. खोकला नव्हता. श्वास आत जाताना शीळ होती, अगदी बारीक, ऐकायची सवय नसेल तर कळणार नाही अशी. मी दिवा लावला आणि तिला उठवून बसवलं. धापेचा पंप दिला, दहा मिनिटं शेजारी बसले, मग रोजचा दिला, चूळ भरायला लावली. शीळ गेली. मग चहा ठेवला.